विद्वांसांचं बाकडं

आमच्या वकिली फर्मच्या वेबसाइटबद्दल कोणाचीही कसलीही तक्रार नव्हती, ही गोष्ट सुरुवातीलाच नमूद करून ठेवतो. विलेपार्ले पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर 'विद्वांस आणि विद्वांस' अशी जी पाटी आहे, तिच्यातले पहिले विद्वांस म्हणजे माझे काका श्यामकांत आणि दुसरा मी, नंदकिशोर. वेबसाइटवर आमचं नाव होतं, पत्ता होता, फोन नंबर होता आणि काकांचा काळ्या कोटातला फोटो होता. त्यात ते कोणाचं तरी मृत्युपत्र नुकतंच वाचून संपवल्यासारखे दिसत. ज्याचं काम असेल तो फोन करी. फोन आमची सुगंधा उचले. "कोणाकडून आलात?" असं ती विचारी, आणि उत्तर काहीही आलं तरी "या, साहेब आहेत," म्हणे. माणूस येई, बाहेरच्या बाकड्यावर जरा टेके, आत येऊन काम सांगे आणि काम होई. इतकी मागासलेली परिस्थिती होती.

पत्ता सापडायला सोपा जावा म्हणून सांगतो, आमच्या दाराला लागूनच रक्त-लघवी तपासणीची लॅब आहे. तिचा वेबसाइटशी काही संबंध नाही. बाकडं मात्र आमच्या मालकीचं, सागवानी, आजोबांच्या वेळचं, आणि त्याच्यावर पंखा. लॅबमध्ये साखर तपासायला सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग खाऊन दोन तासांनी पुन्हा द्यायचं, असा नियम आहे. मधले दोन तास माणूस कुठेतरी काढणारच. आम्ही दहाला उघडतो, तोवर ही मंडळी बाकडं रिकामं करून गेलेली असत. त्यामुळे कोणाचंच काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते एका मुंजीत. काकांच्या हाताखाली शिकलेली स्वरदा आता अंधेरीला काचेच्या इमारतीत वकिली करते. ती भाताच्या पंगतीत काकांना म्हणाली, "सर, परवा तुमची साइट उघडली. मला वाटलं, वारली."

काकांना मठ्ठा गोड लागेना. घरी येताना रिक्षात पार्ल्याचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाले, "नंदू, आपल्याकडे लोक मृत्युपत्रं करायला येतात. साइटच वारलेली असेल तर त्यांनी कोणत्या भरवशावर यायचं? स्वरदाच्या साइटवर ढग सरकतात म्हणे."

सबब, वेबसाइट नव्याने करायचं ठरलं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, ज्या गाळ्यात पूर्वी नटबोल्ट तयार होत, तिथे आता अनुभव तयार होतात. तिथली गार्गी नावाची मुलगी आमच्याकडे आली. तिच्या कार्डावर 'मुख्य अनुभवकार' असं छापलं होतं. तिने आमची साइट एकदा पाहिली, लॅपटॉप अलगद मिटला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तशा आवाजात म्हणाली, "सर, तुम्हाला वेबसाइट नकोच आहे. तुम्हाला प्रवास हवाय."

"या वयात?" काका म्हणाले.

"तुमचा नाही. युझरचा. तो कुठून येतो, कसा बसतो, त्याच्या मनात काय चालतं. आधी आम्ही त्याला समजून घेणार. त्याच्याशेजारी जाऊन बसणार."

आणि खरोखरच ती दुसऱ्या दिवशी जाऊन बसली. सकाळी साडेसातला आली, बाकड्यावरच्या झाडून सगळ्या मंडळींशी बोलली, त्यांचे फोटो काढले आणि आम्ही येण्याच्या आत निघूनही गेली. आठवड्याने तिने आम्हाला निष्कर्ष दाखवले. भिंतीवर रंगीत चित्रं पडत होती आणि काका पुढच्या खुर्चीत, देवळात बसावं तसे बसले होते.

"सर, एक गोष्ट आधीच सांगते," गार्गी म्हणाली. "इतके निष्ठावान युझर मी आजवर पाहिले नाहीत. तुम्ही दहाला उघडता. ते साडेसातपासून येऊन बसतात."

"साडेसातपासून?" काका खुर्चीत पुढे सरकले.

"उपाशीपोटी."

काकांनी चष्मा काढला. चाळीस वर्षं वकिली केली, पण आपल्यासाठी कोणी उपास धरत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. "काहीच खात नाहीत?"

"काहीजण आदल्या रात्रीपासून. मी स्वतः विचारलं."

माझ्या मनात त्या क्षणी लॅबचा विचार चाटून गेला, नाही असं नाही. पण पुढचं चित्र फार सुरेख होतं, आणि कौतुक चालू असताना मध्ये बोलणं आमच्या घरात असभ्य समजतात.

"पण एक काळजीची गोष्ट आहे," गार्गी म्हणाली. पडद्यावर आमचं बाकडं आलं. त्यावर ओळीने बसलेल्या प्रत्येकाचा एक हात कोपरात दुमडलेला होता. "ही बंद देहबोली आहे. ही माणसं मनाने मिटलेली आहेत. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला जिथे खुपतं त्याला पेन पॉइंट म्हणतात. मी प्रत्येकाला विचारलं, तुमचा पेन पॉइंट कोणता? सगळ्यांनी एकच जागा दाखवली." तिने स्वतःच्या कोपराची आतली बाजू दाखवली.

"इथे?" काकांनीही आपलं कोपर चाचपलं.

"सर, म्हणजे हे मनाचं दुखणं शरीरात उतरलंय. ते म्हणतात, टोचतं. तुमच्या व्यवसायात काय टोचतं? नोटीस. तारीख. सुनावणी. सही. हे सगळे टोचणारे शब्द आहेत, ते आपल्याला काढावे लागतील. बाकी त्यांच्या मागण्या अगदी साध्या आहेत. दोन तास बरे जावेत. वाचायला पेपर असावा. गप्पा असाव्यात. चहा असावा, पण बिनसाखरेचा."

"कामाबद्दल काय म्हणाले?" मी विचारलं.

"तेच तर आश्चर्य आहे. वकिलाकडे काय काम आहे असं विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही. एक आजोबा म्हणाले, वकील? देव करो आणि कधी गरज न पडो." गार्गीने पडद्याकडे बोट केलं. "म्हणजे ते कामासाठी येतच नाहीत, सर. ते तुमच्यासाठी येतात."

यावर काकांनी डोळे पुसले. मीही माझे पुसले, कारण काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या आजोबांचं, म्हणजे नाना उकिडवे यांचं एक मोठं चित्र आमच्या केबिनमध्ये लागलं. चित्रात ते हात दुमडून बसले होते, कोपरात कापसाचा बोळा होता आणि खाली लिहिलं होतं, 'आमचा आदर्श वापरकर्ता.' कापूस कशाला, हे कोणी विचारलं नाही. काकांनी ऑफिसची वेळ मात्र दुसऱ्या दिवसापासून साडेसातची केली.

याच सुमारास ॲम्ब्रोज येऊन गेला. ॲम्ब्रोज मरोळच्या गावठाणातला, तिथेच जन्मलेला आणि तिथेच म्हातारा होत चाललेला. त्याच्या वडिलांपासून त्यांची सगळी कामं आमच्याकडे. नाताळात तो डबाभर फुगे आणतो. हे फुगे तळलेले आणि खायचे असतात. त्याच्या घरामागे अंगण आहे आणि अंगणात विहीर. शेजारच्या प्लॉटवर टॉवर होणार होता, आणि त्या टॉवरच्या नकाशात ॲम्ब्रोजच्या विहिरीच्या जागी चार मोटारी उभ्या केलेल्या होत्या. त्याची नोटीस येऊन सुनावणीची तारीखही लागली होती.

"वकीलसाहेब, नकाशावर गाडी उभी केली तर उभी करू दे," तो म्हणाला. "पण पोरीचं लग्न आहे. व्हॅलेन्सियाचं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जातात. उंबराचं पाणी आणायला. त्या पाण्याने नवरीची आंघोळ. माझ्या आत्याची झाली, माझ्या बहिणींची झाली, सगळ्यांची याच विहिरीतून झाली. आता मी काय, टँकर मागवू?"

"अरे, तुझी कागदपत्रं माझ्या कपाटात आहेत," काका म्हणाले. "विहिरीला हात लावायची कोणाची टाप आहे? सुनावणीला मी स्वतः येतो, कागद पुढे टाकतो, पाच मिनिटांत विषय संपवतो. तू फक्त आदल्या दिवशी फोन करून आठवण कर."

"पक्का ना?"

"ॲम्ब्रोज, मी आजवर तारीख चुकवली आहे का?"

नव्हती चुकवली. हे खरं आहे आणि ते इथे नोंदवलंच पाहिजे. जुन्या पद्धतीने झालेलं ते आमचं शेवटचं काम, म्हणजे तोंडी.

यथावकाश नवी साइट सुरू झाली. ती उघडली की दुसरं काही नाही, पडद्यावर आमचं बाकडं येई. त्याचा हुबेहूब पोत यावा म्हणून खरं बाकडं मरोळला नेलं होतं, आणि 'प्रेरणा' म्हणून ते तिथल्या लॉबीतच राहिलं. डोक्यावर पंखा फिरे. सुगंधाचा आवाज येई, "बसा, साहेब येतातच." आपण बसलो की शेजारी बसलेल्यांचे चेहरे दिसत, त्यांच्याशी लिहून गप्पा मारता येत. मांडीवर पेपर येई. थोड्या वेळाने कपातून वाफ निघे. फोन नंबर काढून टाकला होता, कारण घंटी वाजली की गिऱ्हाईक अडखळतं, याला गार्गी घर्षण म्हणते. कामाचं बटणही होतं, पण ते दोन तासांनी दिसे. तोवर माणूस मनाने तयार झालेला असतो, असं संशोधनातच निघालं होतं.

"आणि साहेब कधी येतात?" मी गार्गीला विचारलं.

"येतातच," ती म्हणाली.

साइट तुफान चालली. नाना उकिडव्यांनी ती आपल्या ज्येष्ठ नागरिक संघात सांगितली, संघाने मुलुंडच्या संघाला कळवली, मुलुंडहून ती बोरिवलीला गेली. लोक सकाळी उठून देवपूजेआधी आमच्याकडे बसू लागले. बोरिवलीच्या एका बाईंनी लिहिलं की सून ऑफिसला गेल्यावर घर खायला उठायचं, आता विद्वांसांकडे बरं वाटतं. घाटकोपरच्या दोन विधुरांची बाकड्यावर इतकी मैत्री झाली की ते एकदा प्रत्यक्ष भेटले, आणि भेटल्यावर काय बोलावं ते न सुचल्याने दोघांनी आपापले फोन काढून पुन्हा बाकड्यावर बसून घेतलं. लॅबची मंडळी तर आमच्या पॅसेजमध्येच असत. तिथे आता बसायला काही नव्हतं, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहत आणि उभ्या उभ्या बाकड्यावर बसत.

मग जागा पुरेना. मी सुचवलं की बाकडं लांब करावं, त्याला थोडंच लाकूड लागणार आहे. गार्गीने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नंदकिशोर सर, ज्या बाकड्यावर सगळ्यांना जागा मिळते त्यावर बसण्यात कोणाला आनंद आहे?" सबब, बाकडं तेवढंच राहिलं आणि बाकड्यासाठी थांबायला साइटवरच एक वेगळा पॅसेज तयार झाला. उठावं लागलं तर जागा राखायला रुमाल टाकायची सोय आली. माणशी दिवसाला एकच रुमाल. लोक सकाळचा रुमाल आंघोळीला वापरावा की जेवणाला, याचा आदल्या दिवशी विचार करू लागले.

सुगंधाचं तर सोनंच झालं. "बसा, साहेब येतातच" हे वाक्य तिने पाच वेगवेगळ्या भावांत म्हणून दिलं. त्यातलं पावसाळी संध्याकाळचं फार गाजलं. लोक तिला बाजारात ओळखू लागले. भाजीवाल्याने एकदा आग्रहच केला, तेव्हा तिने कोथिंबीर निवडता निवडता ते म्हणून दाखवलं आणि चार गिऱ्हाइकं खरोखर खाली बसली. त्यानंतर ती ऑफिसात कोणाशी फुकट बोलेनाशी झाली. आवाज बसेल म्हणे.

कामं मात्र कमी झाली. काळजी वाटून मी आकडे मागवले, तर गार्गीने ते आनंदाने दाखवले. ज्यांना काही काम नव्हतं ते तासन्‌तास बसत होते. ज्यांना काम होतं ते आले, बटण शोधलं, वैतागले आणि गेले. "कामवाले लोक आपली सरासरी बिघडवतात," ती म्हणाली. "ते आपले युझरच नाहीत." काकांनी मान डोलावली. नाही तरी आत येऊन त्यांना भेटायला कोणी उरलं नव्हतं. केबिनमध्ये एकटं बसून कंटाळा येई, म्हणून तेही साडेसातला लॅपटॉप उघडून बाकड्यावर बसू लागले. पहिल्या दिवशी त्यांना जागा मिळायला दुपार झाली. सुगंधाचा आवाज आला, "बसा, साहेब येतातच," आणि काका निवांत बसले.

सुनावणी शुक्रवारी होती. ॲम्ब्रोजने सोमवारपासूनच फोन करायला घेतला. तो लागला की एक मंजूळ आवाज त्याला साइटवर यायची विनंती करी. तो साइटवर आला, पॅसेजमध्ये उभा राहिला, जागा मिळाल्यावर बसला. कामाचं बटण दिसायची वेळ आली की कोणाचा तरी फोन येई, पान बंद पडे, आणि पुन्हा पॅसेजपासून सुरुवात. लग्नघर होतं, फोन सारखे येतच होते. कधी केटरर, कधी बँडवाला.

गुरुवारी तो स्वतः पार्ल्याला आला. आमचं दार आता साइटशी जोडलेलं होतं. बाहेर ना घंटी होती ना मूठ. दोन तास बसलेल्यालाच ते आपोआप उघडायचं, आतून मात्र हाताने उघडे. ॲम्ब्रोज जिन्याच्या पायरीवर बसला, त्याने फोन काढला, आणि बाकड्यावर जागा मिळाल्यावर पाहतो तो शेजारी काका.

मी त्याच वेळी काकांच्या केबिनमध्ये होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

"वकीलसाहेब, मी ॲम्ब्रोज," अशी ओळ उमटली.

काकांचा चेहरा फुलला. त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं, "ये रे ये. बस. किती दिवसांनी. लग्नाची तयारी काय म्हणते?"

"साहेब, उद्या सुनावणी आहे."

हा शब्द तेव्हा कोणालाच दिसला नाही, मला तो पुढे गार्गीच्या नोंदीत सापडला. त्याच्या जागी वाफाळता कप आला आणि खाली अक्षरं आली, 'एक शब्द टोचला. सर्वांनी चहा घ्या.'

"वा," नाना उकिडव्यांनी लिहिलं. "तुमच्यामुळे अवेळी चहा मिळाला. आभारी आहे."

"साहेब, ती नोटीस आली होती ना, तिची तारीख उद्या आहे."

दोन कप आले. बाकड्यावर उत्साहाची लाट उसळली. "हे गृहस्थ कोण आहेत?" कोणीतरी विचारलं. "फार दिलदार आहेत. अजून म्हणा हो काहीतरी."

मग ॲम्ब्रोजने टोचणारा एकही शब्द न वापरता लिहिलं, "साहेब, विहीर."

त्यावर बाकड्यावर विहिरींचा विषय निघाला. नानांच्या राजापूरला रहाटाची विहीर होती. बोरिवलीच्या बाईंच्या माहेरी विहिरीत कासव होतं. काकांनी लहानपणी विहिरीत पोहायला शिकल्याची हकिगत लिहिली, आणि ती छान लिहिली. इतक्यात बाहेरून दार वाजलं.

"नंदू, कोण आहे बघ," काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

"काका, दार आपोआप उघडतं."

"हो की. विसरलोच."

दार पुन्हा वाजलं, आता जरा जोरात. दाराला ठोठावणं हे आमच्याकडे संपर्काचं नोंदणीकृत साधन राहिलेलं नव्हतं. पडद्यावर ओळ आली, "साहेब, मीच वाजवतोय. मी जिन्यात आहे. तुम्ही आत, मी बाहेर. उठा ना यार साहेब, दार उघडा."

काकांनी वाचलं. खरंच सांगतो, त्यांनी खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि ते अर्धे उठलेसुद्धा. तेवढ्यात पडद्यावर आलं, 'आपण उठत आहात. आपला आजचा रुमाल जेवणाच्या वेळी वापरून झाला आहे. आपली जागा नाना उकिडवे यांच्या सूनबाईंना देण्यात येत आहे.'

काका खाली बसले. त्यांनी लिहिलं, "दोन मिनिटं थांब, ॲम्ब्रोज. मोठ्या मुश्किलीने जागा मिळाली आहे."

दार आणखी दोनदा वाजलं, मग वाजायचं थांबलं. गार्गीच्या नोंदीत या घटनेपुढे 'प्रश्न सुटला' असं आहे.

शुक्रवारी सुनावणी झाली. आमच्या बाजूने कोणी नसल्यामुळे समोरची बाजू एकमताने मान्य झाली. ॲम्ब्रोज एकटा गेला होता. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी त्याला कागद मागितले. तो म्हणाला, वकिलांकडे आहेत. वकील कुठे आहेत, असं साहेबांनी विचारलं. "बाकड्यावर," तो म्हणाला, आणि साहेबांनी तसं लिहून घेतलं. त्या नोंदीची नक्कल आता आमच्याकडे आहे, सही-शिक्क्यासह. या शहरात विहीर खणायला परवानग्या लागतात, बुजवायला फक्त एक रविवार पुरतो. सोमवारी तिथे डेब्रिजचा ढीग होता आणि त्यावर चुन्याने आखलेले चार चौकोन.

काकांना हे कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. "मी तारीख चुकवली, नंदू," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले. मलाही फार वाईट वाटलं. आम्ही दोघांनी गार्गीला बोलावून घेतलं. तिने शांतपणे ऐकलं आणि तिचे डोळे चमकले.

"सर, बाकड्यामागे अंगण हवंच होतं. त्यात विहीर टाकू."

चार दिवसांत विहीर तयार झाली. काठावर शेवाळ होतं, आत आभाळ दिसत होतं. दोर ओढला की रहाट कुरकुरे, बादली खाली जाई आणि पाण्याचा असा आवाज येई की अंगावर शहारा यावा. यंत्रणेने ॲम्ब्रोजला आपण होऊन निरोप पाठवला, 'आपली विहीर आता आमच्याकडे सुरक्षित आहे. सहकुटुंब केव्हाही या.'

ते आले. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच खालून बँडचा आवाज आला, तेव्हा आम्हाला वाटलं वरात असेल. आवाज जिना चढू लागला. क्लॅरिनेट, ढोल, त्यामागे लाल लुगडी नेसलेल्या बायका, डोक्यावर फुलं, कमरेवर तांब्याच्या कळश्या. पॅसेजमध्ये लॅबची मंडळी कोपरात कापूस धरून उभी होती, त्यांनी भिंतीला चिकटून वाट दिली. दार अर्थातच बंद होतं. पण ढोलवाल्याने दारावरच ताल धरला, आणि या वेळी ते सुगंधाने धावत जाऊन हाताने उघडलं.

पुढे ॲम्ब्रोजची आई पर्पेच्युआ होती. तिने काकांना हाफ पँटमध्ये पाहिलेलं आहे. तिने कळशी काकांच्या टेबलावर ठेवली.

"तुझा निरोप आला, आमची विहीर तुझ्याकडं आहे. पोर आंघोळीची थांबलीय. भर."

ॲम्ब्रोज मागे उभा होता. तो काकांकडे बघत नव्हता.

काकांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि दोर ओढला. रहाट कुरकुरला. बादली खाली गेली, बुडाली, भरून वर आली. पाणी ओतल्याचा सुंदर आवाज झाला आणि पॅसेजमध्ये टाळ्या पडल्या. एका हाताने पडल्या, कारण दुसऱ्या हातात कापूस होता, त्यामुळे त्या आपापल्या मांडीवर मारल्या गेल्या. पर्पेच्युआने वाट पाहिली. मग वाकून कळशीत पाहिलं. मग हात घालून पाहिला.

"आवाज झकास आहे," ती म्हणाली. "पाणी कुठंय रे?"

काकांनी उभ्या आयुष्यात इतक्या न्यायाधीशांना उत्तरं दिली होती, पण या प्रश्नाला त्यांनी नुसती मान खाली घातली. मला त्यांच्याकडे बघवेना. मग ते उठले, कळशी उचलली आणि कोपऱ्यातल्या फिल्टरपाशी जाऊन तोटी सोडली. पर्पेच्युआने मागून जाऊन कळशी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"राहू दे. तुझ्या घरचं नको."

तिच्या भावाचं घर कांजूरमार्गला आहे, त्याची विहीर अजून शिल्लक आहे म्हणतात. तिकडे जायला सगळे निघाले. जिना उतरताना बँड वाजला नाही. ॲम्ब्रोज सगळ्यात शेवटी उतरला. त्याने जाताना आमचं दार हळू ओढून घेतलं, सवयीने.

काका त्या दिवशी उठले, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण काही लोक म्हणतात ते उठलेच नाहीत. ते उठले, आणि त्यात त्यांची जागा गेली. अजून साइटवरच्या पॅसेजमध्येच आहेत. परवा त्यांनी लिहिलं की पुढे फक्त घाटकोपरचे ते दोघे विधुर उरले आहेत.

गार्गीचा महिन्याचा अहवाल आला तो फार समाधानकारक आहे. 'प्रत्यक्ष भेटींत लक्षणीय वाढ. वापरकर्ते सहकुटुंब व बँडसह कार्यालयात आले. सुधारणेस वाव: कळशी ठेवायला जागा.' साइटला बक्षीस मिळणार अशीही बातमी आहे. स्वरदाने काकांना अभिनंदनाचा निरोप पाठवला आणि आपल्या साइटवरचे ढग काढून टाकले.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही सुरुवातीपासून आमच्याकडे बसला आहात, हे आमच्या लक्षात आलं आहे. तुम्हाला काही काम नव्हतं, तरी बसलात. ॲम्ब्रोजला चहा मिळाला तेव्हा हसलात, दुसऱ्यांदा मिळाला तेव्हा जास्त हसलात, आणि तो दार वाजवत होता तेव्हा तुम्हालाही स्पष्ट ऐकू येत होतं. त्याचं पुढे काय होतंय ते बघायला तुम्ही जागेवरच थांबलात. गैर काही नाही, आमच्या अहवालात तुमची नोंद 'आदर्श वापरकर्ता' अशीच झाली आहे. फक्त हात दुमडून ठेवा आणि कापूस जरा वेळ दाबून धरा.